तिरका गुणाकार येतो, तरी वॉर्डात डोस का अडतो?

सिंधुदुर्गातल्या जीएनएमच्या (नर्सिंगच्या पदविकेच्या) एका विद्यार्थिनीने विचारलंय: औषधाच्या डोसची गणितं पेपरात सुटतात, पण वॉर्डात सिस्टरनी अँप्युल हातात देऊन "किती भरशील?" म्हटलं की काय वर लिहायचं नि काय खाली, तेच सुचत नाही. 'हवं ते भागिले आहे ते' हे सूत्र पाठ करावं, की तिरका गुणाकार करावा? आणि मोठ्या माणसाच्या डोसवरून वजनाच्या प्रमाणात मुलाचा डोस काढला तर चालतो का?

मी रत्नागिरी जिल्ह्यात आधी ग्रामीण रुग्णालयात आणि मग मुलांच्या वॉर्डात परिसेविका होते, आता नर्सिंगच्या मुलींना शिकवते. हाच प्रश्न दरवर्षी नव्या चेहऱ्याने येतो. माझ्या मते यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. पहिला मांडणीचा, तो एका दुपारी सुटतो. दुसरा, प्रमाण मुळात कुठे लागू पडतं हा, तो नोकरीभर सोबत राहतो. त्याबद्दल मी जास्त बोलणार आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. खाली जे डोस येतील ते मांडणी समजावी म्हणून. प्रत्यक्षात किती द्यायचं हे डॉक्टरांची ऑर्डर, तुमच्या रुग्णालयाचा प्रोटोकॉल आणि हातातल्या बाटलीचं लेबल यांवर ठरतं. एकाच नावाचं औषध दोन कंपन्यांचं असेल तर ताकद वेगळी असू शकते. मागच्या महिन्याच्या स्टॉकवरून पाठ झालेलं उत्तर या महिन्यात चुकीचं ठरतं, हे गणित न येणाऱ्यांपेक्षा गणित पाठ झालेल्यांच्या बाबतीत जास्त घडतं.

पेपरातल्या गणितात तीन आकडे कुणीतरी निवडून दिलेले असतात. वॉर्डात ते तुम्ही निवडायचे असतात. एक केसपेपरवर, एक वजनकाट्यावर, आणि लेबलवर तर आकड्यांची जत्राच. त्यामुळे अडतं ते निवडण्यात, गुणाकारात नाही. आपल्याकडे त्रैराशिक, म्हणजे तीन आकड्यांवरून चौथा काढणं, शिकवायची जुनी रीत इथे फार उपयोगी पडते. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहून ठेवलंय की तीन राशींपैकी पहिली आणि शेवटची, म्हणजे प्रमाण (जे माहीत आहे ते) आणि इच्छा (जे हवं आहे ते), या एकाच जातीच्या हव्यात. मधलं फल दुसऱ्या जातीचं. वॉर्डाच्या भाषेत सांगायचं तर पहिलं मिलिग्रॅम असेल तर तिसरंही मिलिग्रॅमच, आणि मधे मिली. एवढं पाळलं की वर-खालीचा घोळ आपोआप सुटतो.

उदाहरण घेऊ. मुलाचं वजन ११ किलो, ताप आहे, डॉक्टरांनी पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम लिहिलंय. म्हणजे १६५ मिलिग्रॅम. बाटलीवर लिहिलंय ५ मिलीत २५० मिलिग्रॅम. मांडणी अशी: २५० मिलिग्रॅम असतात ५ मिलीत, तर १६५ मिलिग्रॅम किती मिलीत? १६५ भागिले २५०, गुणिले ५, उत्तर ३.३ मिली. तिरका गुणाकार करा, सूत्र वापरा, उत्तर तेच. दोन्ही एकाच गोष्टीचे वेगळे पेहराव आहेत, त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

मी स्वतः मात्र शाळेतली एकमान पद्धत वापरते. ५ मिलीत २५०, म्हणजे १ मिलीत ५०. मला १६५ हवेत, १६५ भागिले ५०, झाले ३.३. ही पद्धत मला आवडते, कारण 'एका मिलीत किती' हा आकडा एकदा डोक्यात बसला की बाटली बदललेली लगेच लक्षात येते. तेच मूल, तोच डोस, पण ५ मिलीत १२५ वाली बाटली असेल तर एका मिलीत २५, आणि द्यायचे ६.६ मिली. थेंबांची छोटी बाटली असेल तर बहुतेकदा एका मिलीत १००, म्हणजे फक्त १.६५ मिली. एकच डोस, तीन बाटल्या, तीन उत्तरं. आता आईने सिरपचं माप लक्षात ठेवून थेंबांच्या बाटलीतून ३.३ मिली दिले तर मुलाला दुप्पट औषध गेलं, ६.६ मिली दिले तर चौपट. तिने काही चूक केली असं तिला वाटणारही नाही, कारण तिने सांगितलेलंच माप दिलं.

म्हणून डिस्चार्जच्या वेळी नुसतं 'एक चमचा' कधी सांगू नका. आजी म्हणते "चमचोभर दिलंय", पण घरातला चमचा पोह्यांचा होता की साखरेच्या डब्यातला, कुणाला ठाऊक. मिलीत सांगा, आणि माप बाटलीच्या झाकणावर किंवा सिरिंजवर पेनाने खूण करून दाखवा.

गणित करायच्या आधी अंदाज बांधा. नंतर नाही, आधी. वरच्याच उदाहरणात १६५ हे २५० पेक्षा कमी आहे, म्हणजे उत्तर ५ मिलीपेक्षा कमी यायला हवं. १२५ पेक्षा जास्त आहे, म्हणजे अडीच मिलीपेक्षा जास्त. उत्तर अडीच आणि पाचच्या मधे कुठेतरी. घाईत कुणी उलटं मांडलं, २५० भागिले १६५ गुणिले ५, तर येतात ७.६ मिली. अंदाज बांधलेला असेल तर हा आकडा डोळ्याला टोचतो. नसेल तर तो भरून दिला जातो, आणि मुलाला किलोला ३४ मिलिग्रॅम जातात. सिस्टरनी प्रश्न विचारल्यावर तुम्ही गोठता ना, तेव्हाही हाच उपाय. आकडा सांगायची घाई करू नका, "पाचपेक्षा कमी येईल" एवढं मोठ्याने म्हणा आणि मग कागद घ्या. कुठलीही समजूतदार इन्चार्ज त्यावर रागावणार नाही. रागावली तरी कागद घ्या.

उत्तर सिरिंजच्या रेघांवरही बसलं पाहिजे. ५ मिलीच्या सिरिंजवर रेघा ०.२ मिलीच्या असतात, तिच्यावर ३.३ दोन रेघांच्या मधे येतं. पॅरासिटामॉलला एवढ्याने काही बिघडत नाही. डिगॉक्सिनसारख्या हृदयाच्या औषधाला बिघडतं, तिथे १ मिलीची सिरिंज घ्यायची, तिच्यावर ०.०१ ची रेघ असते. किती दशांश स्थळं धरायची हे गणितावर ठरत नाही, औषधावर आणि सिरिंजवर ठरतं.

आता एककांकडे वळते. कोकणात याचं सगळ्यात चांगलं उदाहरण लाल विंचू. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून या विंचूदंशाचा पाठपुरावा केला आणि १९८० च्या दशकात त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. हा डोस किलोला ३० मायक्रोग्रॅम. १२ किलोच्या मुलाला ३६०. गोळीवर मात्र १ मिलिग्रॅम लिहिलेलं असतं. इथे १ आणि ३६० हे आकडे शेजारी मांडले तर प्रमाण मिलिग्रॅममध्ये आणि इच्छा मायक्रोग्रॅममध्ये, दोन वेगळ्या जाती एकत्र आल्या. उत्तर येईल ३६० गोळ्या. याला सगळ्या हसतात, आणि म्हणूनच ही चूक धोक्याची नाही. धोक्याची चूक ती, जिचं उत्तर शक्य वाटतं. ०.३६ च्या जागी ०.०३६ किंवा ३.६ मिलिग्रॅम. गोळीच्या हिशेबात साडेतीन गोळ्या काही अशक्य दिसत नाहीत.

म्हणून आधी जात एक करा: १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. साधी गोळी बारीक करून १० मिली पाण्यात नीट मिसळली तर एका मिलीत १०० मायक्रोग्रॅम, ३६० साठी ३.६ मिली, आणि ढवळून लगेच द्यायचं, कारण खाली गाळ बसू दिला तर वरच्या ३.६ मिलीत किती आलं हे कुठलंच त्रैराशिक सांगू शकत नाही. यात 'साधी' हा शब्द महत्त्वाचा. हीच गोळी हळूहळू सुटणाऱ्या प्रकारातही मिळते, ती कुटायची नाही. कुटली की कित्येक तासांचं औषध एकदम सुटतं.

टक्के आणि गुणोत्तर यांनी पोरी घाबरतात, पण दोन वाक्यं पुरतात. टक्के म्हणजे १०० मिलीत इतके ग्रॅम. म्हणून २ टक्के लिग्नोकेन (बधिर करायचं औषध) म्हणजे मिलीत २० मिलिग्रॅम. १:१००० म्हणजे १००० मिलीत १ ग्रॅम. म्हणून अ‍ॅड्रिनालिनच्या अँप्युलमध्ये मिलीत १ मिलिग्रॅम. १:१०००० असेल तर दहावा भाग. १४ किलोच्या मुलाला जोराची अ‍ॅलर्जी आली आणि किलोला ०.०१ मिलिग्रॅम स्नायूत द्यायचं असेल, तर ०.१४ मिलिग्रॅम, म्हणजे १:१००० चं ०.१४ मिली. पुन्हा १ मिलीची सिरिंज.

मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट) मात्र सावकाश समजून घ्या, कारण गरोदरपणातल्या झटक्यांची बाई समोर असताना ते सावकाश करायला वेळ मिळत नाही. अँप्युल ५० टक्क्यांचं, २ मिलीत १ ग्रॅम. शिरेतून ४ ग्रॅम द्यायचे आहेत आणि द्रावण २० टक्क्यांचं हवंय. ४ ग्रॅम म्हणजे चार अँप्युल, ८ मिली. आता किती पाणी? इथे सरळ त्रैराशिक चालत नाही, व्यस्त लागतं: द्रावण जितकं फिकं, तितकं ते जास्त. ५० टक्क्यांचं ८ मिली, तर २० टक्क्यांचं किती? ८ गुणिले ५० भागिले २०, म्हणजे २० मिली. पण हे २० मिली एकूण आहेत. त्यातले ८ आधीच सिरिंजमध्ये आहेत, मिसळायचे फक्त १२. आठात वीस ओतणाऱ्या मुली मी पाहिल्यात. त्यांचं द्रावण १४ टक्क्यांच्या आसपास होतं, आणि २० मिली देऊन थांबलं तर बाईला ४ ऐवजी ३ ग्रॅमही मिळत नाहीत. 'पर्यंत भरा' आणि 'इतकं घाला' या दोन वेगळ्या सूचना आहेत.

पावडरच्या व्हायलमध्ये याचीच दुसरी बाजू दिसते. पावडर स्वतःही जागा घेते. सेफ्ट्रियाक्सोन या अँटिबायोटिकच्या १ ग्रॅमच्या व्हायलमध्ये मिलीला १०० मिलिग्रॅम हवं असेल तर पाणी ९.६ मिली घालायचं, बाकीची जागा पावडरची. मोठ्या माणसाला अख्खी व्हायल जाते, म्हणून १० घातलं काय नि ९.६ काय. तान्ह्याला त्यातला थोडासाच भाग द्यायचा असतो, तिथे फरक पडतो. कागदातली सूचना वाचायचा कंटाळा करू नका.

इन्सुलिनचं गणित नाहीच, तरी त्यात सगळ्यात मोठे घोळ होतात. आपल्याकडच्या व्हायल बऱ्याचदा मिलीला ४० युनिटच्या असतात, त्यांची सिरिंज लाल टोपीची. मिलीला १०० युनिटची सिरिंज केशरी टोपीची. ४० च्या व्हायलमधून केशरी सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत भरलं तर गेले ८ युनिट. उलट, १०० च्या इन्सुलिनला लाल सिरिंज लावली तर २० च्या रेघेवर ५० युनिट. पहिल्यात साखर उतरत नाही, दुसऱ्यात माणूस बेशुद्ध पडतो. इथे सिरिंजच्या रेघा म्हणजे तयार केलेलं त्रैराशिक आहे, पण त्यातलं प्रमाण एका विशिष्ट ताकदीचं धरलेलं आहे. व्हायल वेगळी आली की ते त्रैराशिक खोटं.

सलाइनच्या थेंबांतही व्यस्त प्रमाण असतं. ५०० मिली ८ तासांत म्हणजे तासाला ६२.५ मिली. सेट, म्हणजे सलाइनची नळी, मिलीला २० थेंबांचा असेल तर मिनिटाला २१ थेंब. चार तासांत संपवायचं तर थेंब दुप्पट. पण पाकिटावर १५ थेंब लिहिलेला सेट आला आणि तुम्ही सवयीने २१ च लावले, तर बाटली ८ ऐवजी ६ तासांत रिकामी. मायक्रो सेटचं सोपं: मिलीला ६० थेंब, तासाला मिनिटं ६०, म्हणून तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येते. पाच माणसांच्या जागी दहा जेवायला आली तर तांदूळ दुप्पट, पाणी दुप्पट. भात शिजायचा वेळ दुप्पट होत नाही. औषधातही सगळं वजनाच्या मागून चालत नाही. पुस्तकांत क्लार्कचा नियम अजून छापलेला असतो: मुलाचं वजन भागिले ७० किलो, गुणिले मोठ्यांचा डोस. आपल्या ११ किलोच्या मुलाला लावून बघा. मोठ्यांचा डोस ५०० धरला तर उत्तर ७९ मिलिग्रॅम, १००० धरला तर १५७. मोठ्यांना दोन्ही दिले जातात, मग खरं कुठलं? पहिल्याने ताप उतरणार नाही. मोठ्यांचा डोस मुळात किलोच्या हिशेबाने काढलेलाच नसतो, तो सोयीचा गोल आकडा असतो. त्याला ७० ने भागून मुलाचं खरं माप कसं निघेल? शिवाय तान्ह्याचं यकृत आणि मूत्रपिंड अजून तयार होत असतात, तर दोन वर्षांचं मूल काही औषधं किलोमागे मोठ्यांपेक्षा लवकर बाहेर टाकतं. म्हणून नवजात बाळाला जेंटामायसिन हे अँटिबायोटिक देताना नुसतं मिलिग्रॅम बदलत नाही, दोन डोसमधलं अंतरही वाढवावं लागतं. तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर: नाही, चालत नाही. मुलांसाठी प्रति किलो दिलेला डोस घ्या, मोठ्यांच्या डोसला भागत बसू नका.

प्रति किलोलाही वर छप्पर असतं. १५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने ८० किलोच्या जाड मुलाला पॅरासिटामॉल १२०० मिलिग्रॅम येतं, पण एका वेळी १ ग्रॅमच्या वर जायचं नाही. आणि काही डोस वजन बघतच नाहीत: भातलावणीच्या दिवसांत लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होऊ नये म्हणून मोठ्यांना आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सीसायक्लिन देतात, माणूस ४५ किलोचा असो की ७०.

याचं टोकाचं रूप सर्पदंशात दिसतं. देवगड-राजापूरच्या सड्यांवर फुरसं हा विषारी साप काही नवीन नाही. १५ किलोच्या पोराला फुरसं चावलं आणि विषबाधेची लक्षणं दिसली, तर प्रतिसर्पविष, म्हणजे विषावरचं औषध, किती? नव्या मुली झटकन वजनाने भागतात आणि मोठ्यांच्या ८ ते १० व्हायलच्या जागी दोन म्हणतात. हिशेब चोख, उत्तर जीवघेणं. मुलालाही मोठ्यांइतक्याच व्हायल लागतात. कारण इथे प्रमाण औषध आणि शरीर यांच्यात नाहीच, ते औषध आणि विष यांच्यात आहे. आपल्याकडचं १ मिली प्रतिसर्पविष फुरशाचं आणि मण्यारीचं ०.४५ मिलिग्रॅम, नागाचं आणि घोणसीचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करतं. व्हायल १० मिलीची. दहा व्हायल म्हणजे फुरशाचं ४५ मिलिग्रॅम विष. सापाने चावताना समोर मूल आहे म्हणून विष कमी सोडलेलं नसतं. मुलाचं वजन विचारात येतं ते सलाइन किती मिसळायचं यात, आणि रिअॅक्शन आली तर म्हणून शेजारी भरून ठेवलेल्या अ‍ॅड्रिनालिनमध्ये.

तेव्हा मांडणीला बसण्याआधी स्वतःला विचारायचं: यातली कुठली गोष्ट कुठल्या गोष्टीबरोबर वाढते? मिलिग्रॅम आणि मिली, हो, नेहमी, औषध नीट मिसळलेलं असेल तर. वजन आणि डोस, बऱ्याचदा, छपरापर्यंत. वजन आणि प्रतिसर्पविष, नाही. वेळ आणि थेंब, उलटे. हे ठरलं की पुढे सूत्र कुठलंही वापरा.

सरावासाठी वॉर्डातलाच ट्रे वापरा. रोज दोन-तीन लेबलं घ्या आणि प्रत्येकाचं 'एका मिलीत किती' वहीत लिहा, तारखेसकट. धोक्याचं औषध असेल तर दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घ्या, पण तुमचं उत्तर तिला सांगू नका. तिला ऑर्डर आणि व्हायल द्या, तिचं तिला काढू द्या. "३.६ बरोबर ना गो?" असं विचारलं की समोरची मान हलवते, गणित करत नाही.

एक गणित करून बघा. ९ किलोचं मूल, जेंटामायसिन किलोला ५ मिलिग्रॅम लिहिलंय, व्हायल २ मिलीत ८० ची. आधी अंदाज: ४५ हे ८० च्या निम्म्यापेक्षा थोडं जास्त, म्हणजे १ मिलीच्या जरा वर. नेमकं उत्तर १.१२५. २ मिलीच्या सिरिंजवर ०.१ च्या रेघा, म्हणजे १.१ भराल, ते होतात ४४ मिलिग्रॅम. एक मिलिग्रॅम कमी गेलेलं चालेल की नाही, हे डॉक्टरांना विचारून घ्या आणि केसपेपरवर जितकं दिलं तितकंच लिहा, १.१२५ नव्हे.